पन्हळ चाटणारा सोंड्या

१२ एप्रिल २००६

ऋजुते, ही वही वाचते आहेस म्हणजे चष्मा सापडला म्हणायचा. कराडला जाताना तो देवळीत विसरलीस आणि तुझ्या आईने तो एसटीच्या कंडक्टरजवळ पाठवला, हेही एव्हाना विसरली असशील. म्हणून मी कोण तेही सांगून ठेवते. मी मालन, तुझ्या बापाची आई. रत्नागिरीहून आरे-वाऱ्याकडे जाताना फणसाखालचं घर लागतं, तिथे राहते. नर्स व्हायला गेली आहेस, तर निदान सुई कुणाला टोचली तेवढं ध्यानात ठेव.

रोजचं सगळं सांग, आई लिहील, वही भरली की पाठवून दे, असं तूच बजावून गेलीस. मला अक्षर येत नाही आणि अक्षराला मी येत नाही, आमचं भांडण नाही. मी बोलते, लीला लिहिते. तिला सांगून ठेवलंय, तुझ्याबद्दल वाकडं बोलले तरी तसंच्या तसं उतरवायचं. इतकी वर्षं सासूचं कानाने ऐकलंस, आता हाताने ऐक.

तुझ्या बाबाने, माझ्या भास्करने, अर्ध्या रत्नागिरीची छपरं शाकारली, कौलं बदलली, पावसाआधी लोकांच्या पन्हळी साफ केल्या. गेल्या मे महिन्यात एका बंगल्याच्या छपरावरून घसरला नि कमरेचं हाड मोडून घेतलं. दिवाळीत डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं, आता कामाला लागा. हाड जुळलं खरं, पण त्याच्या जोडीला आळसही जुळला. घरातला बल्ब लीला बदलते. नारळ पाडायला माणूस बोलवावा लागतो. दारच्या आंब्यावर माकडासारखा चढणारा माणूस, आता म्हणतो पडतील तेव्हा खाऊ.

तुझा विठूमामा विरारहून सांगून गेला, त्याच्या सोसायटीत वॉचमन पाहिजे, मृगाच्या आधी या, नाहीतर जागा जाईल. म्हणजे घराला कुलूप, नि मी चौथ्या मजल्यावर कबुतरं हाकत बसणार. लोकांच्या डोक्यावरचं छप्पर राखलेल्या माणसाने लोकांच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसायचं. भास्कर हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. नुसता पायाचा अंगठा बघतो.

आणि आज अस्लम आला. तुझ्या बाबाचा शाळेतला दोस्त, कुवेतला बरीच वर्षं काढून आलाय, मिरकरवाड्यात जळालेल्या मोटरींच्या तारा भरायचं दुकान आहे त्याचं. म्हणाला, मावशी, तिकडे मी एक यंत्र पाहिलंय. माणूस जमिनीवर उभा, हातात लांब नळी, आणि छपराच्या पन्हळीतला पाचोळा वरच्या वर ओढून घेतो. शिडी नको, काही नको. आपण तसं बनवू.

मी म्हटलं, म्हणजे आळशी माणसाला आळशी यंत्र. भास्कर मात्र अंगठ्यावरून नजर काढून अस्लमकडे बघायला लागला. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

१५ एप्रिल

खळ्यात भंगाराचा बाजार भरलाय. गाड्या धुणाऱ्या एका गॅरेजवाल्याने टाकून दिलेली पाला-धूळ ओढायची मोटर अस्लमने आणली, तिच्या तारा पुन्हा भरल्या, आतले झिजलेले कार्बन बदलले. कार्बन म्हणजे पेन्सिलीच्या टोकाएवढे दोन काळे तुकडे, तेच झिजले की एवढी मोठी मोटर मुकी होते. मी म्हटलं, माणसाचंही तसंच, दात गेले की.

यंत्राचं पोट म्हणजे झाकणाचा मोठा निळा ड्रम. झाकणावर मोटर बसवायची. ड्रमच्या कुशीला भोक पाडून नळी तिरकी बसवायची, म्हणजे पाचोळा आत गरगर फिरून तळाला बसतो. झाकणातून वारा निसटू नये म्हणून कडेला सायकलची जुनी ट्यूब. मोटरच्या खाली एका पिंजऱ्यात मुलांचा प्लॅस्टिकचा चेंडू. ड्रमात पाणी चढलं की चेंडू वर तरंगतो आणि मोटरच्या तोंडाला बुच मारतो, म्हणजे मोटर पाणी पीत नाही. एवढी अक्कल चेंडूला आहे, आणि आपल्या गावात काही माणसांना नाही, ती कोण ते लीलेला लिहू दिलं नाही.

वर जायला पांढरे पीव्हीसीचे पाईप, टोकाला छत्रीच्या मुठीसारखा वाक. मी त्याचं नाव सोंड्या ठेवलं.

२० एप्रिल

ड्रम अस्लमच्या भावाच्या गोदामातला आहे, आणि त्याचा भाऊ सुकटीचा व्यापार करतो. दोन घरं पलीकडची मांजरं परवापासून आपल्या पडवीत मुक्कामाला आहेत. आम्ही ड्रम राखेने घासला, चिंचेने घासला, उन्हात पालथा घातला. काल अस्लमने आत डोकं घालून हुंगलं आणि म्हणाला, गेला वास. अस्लमचा जन्म मिरकरवाड्यातला. त्याला वास गेला म्हणजे काय गेलं ते देवच जाणे. पण मीही हुंगलं, मलाही नाही आला. आपणही जन्मभर तेच खातो ना गो.

२३ एप्रिल

आज पहिली चाचणी, आपल्याच पन्हळीवर. उभा केला तर पाईप ताडासारखा डुलायला लागला. मग भास्करने आंबे काढायच्या घळीची बांबूची काठी आणली, जाळी सोडून ठेवली आणि पाईप तिला काथ्याने आवळला. तो गाठी मारत होता तेव्हा हात कसे झरझर चालत होते. बटण दाबलं. आवाज असा की फणसावरचे कावळे उठले. पण ओढ म्हणून नाही. एक पान तोंडाशी आलं, लाजलं आणि परत फिरलं.

अस्लमने मोटर खोलली, जोडली, पुन्हा खोलली. ट्यूब बघितली, चेंडू बघितला. दुपार झाली, वीज गेली. पोफळीच्या वीजघरात एवढी वीज तयार होते, पण ती चिपळूणपर्यंत चालत येते आणि तिथेच दमून बसते. परत आली तेव्हा पुन्हा खोललं.

शेवटी मी उठले. धूळ मोटरीत जाऊ नये म्हणून तिच्याखाली फडकं बांधलंय, माझ्या जुन्या लुगड्याचं. हात लावला तर पापडासारखं कडक. तुझ्या आईने ते धुतलं, आणि सवयीने खळ घालून वाळवलं. भाताच्या पेजेची, चांगली दाट. सोंड्या बिचारा श्वास कोंडून उभा होता आणि हे दोघे मोटरीला दोष देत होते.

हे गाळायचं नाही हं लीला, लिही. लिहिलंस? वाचून दाखव.

साध्या पाण्याने धुवून परत बांधलं, आणि मग सोंड्याने पन्हळीतला पाचोळा असा ओढला की पाईपात पावसासारखा खडखडाट. शटलकॉकं निघाली, तुझीच असणार. भास्कर खाली उभा राहून काठी फिरवत होता. लीला मागे उभी होती, तिला म्हटलं, डोळ्यात धूळ गेली का गो? हो म्हणाली.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

सोंड्याची पूजा केली. नारळ फोडला, हळदकुंकू, झेंडूचा हार. मग भास्करने बटण दाबलं आणि सोंड्याने पहिल्या झटक्याला आपल्याच गळ्यातला हार गिळला, वर ओटीचे तांदूळ. अस्लम म्हणाला, मावशी, नैवेद्य पोचला. हसून हसून माझी कवळी हातात आली.

परवा पहिलं काम आहे, वरच्या आळीत भिकाजी मास्तरांकडे. पेन्शनीतले हेडमास्तर, शाकाहारी घर, अंगणात माणूस पाय धुवून येतो. त्यांचं काम मनासारखं झालं की आख्खी आळी मागून येईल, असं अस्लम म्हणतो. मीही जाणार आहे. सोंड्याचं नाव मी ठेवलंय, बारशाला आई नको?

२ मे

लीला, सावकाश लिही, मला मध्ये हसू येतं.

मास्तरांच्या अंगणात मास्तरीणबाईंनी आंब्याची साठं वाळत घातली होती. ताटंच्या ताटं. अस्लम शिडीने वर जाऊन पन्हळ बघून आला, भास्कर काठी धरून खाली, मी खुर्चीवर. बटण दाबलं. थोडा वेळ सगळं झकास. पाचोळा येतोय, मास्तर मान डोलावतायत. मग मोटर तापली. आणि ड्रमच्या कातडीत राखेला, चिंचेला, उन्हाला दाद न देता जी सुकट लपून बसली होती, ती जागी झाली.

वारा बाहेर टाकायचं तोंड नेमकं साठांच्या ताटांकडे. असा गरम गरम वास सुटला ऋजुते, की मला भूक लागली. आळीतली मांजरं आली. कुंपणावरून आली, वईखालून आली, एक तर बोळातून शेपूट वर करून पाहुण्यासारखी आली, आणि सगळी सोंड्याभोवती आरतीला बसल्यासारखी बसली. एकीने ड्रमला अंग घासलं आणि साठाच्या ताटात पाय दिला.

मास्तरीणबाई पदर नाकाला लावून बाहेर आल्या. मास्तर मात्र डोळे मिटून उभे. म्हणाले, दाभोळला शाळेवर होतो तेव्हा शेजारून असाच वास यायचा. मास्तरीणबाई म्हणाल्या, शेजारूनच ना? मास्तरांनी डोळे उघडले आणि आत निघून गेले.

पन्हळ अर्धीच राहिली. आम्हाला यंत्र उचलायला सांगितलं. येताना टेम्पोत मी आणि अस्लम हसत होतो. भास्कर हसला नाही.

३ मे

आळीतल्या दोघांनी निरोप पाठवले, आमचं काम राहू दे. खालच्या वाडीतला एक मासे खाणारा आहे, तो म्हणतो, नुसता वास देऊन जाता, सुकट कुठाय.

६ मे

आपली शिडी चोरीला गेली. पडवीच्या भिंतीला टेकून असते, ती सकाळी नाही. शेजारची सखू दोन दिवसांपूर्वी तिच्याकडे बघून, छान शिडी आहे हो, म्हणाली होती. मी कुंपणापाशी जाऊन चार शब्द ऐकवले. ती नाहीच म्हणते. डोळे गोल करते. चोराचे डोळे गोलच असतात.

लीलेचं पेन नेमकं इथे चालेना. झटकते आहे.

८ मे

भास्कर सकाळी म्हणाला, हे यंत्राचं खूळ पुरे, मी पहिल्यासारखा शिडी लावून काम करतो. नाही जमलं तर विठूला फोन. अस्लमने त्याला म्हटलं, ड्रम बदलू, दुसरा बघतो. तो ऐकेना. अस्लमच्या दुकानातली शिडी उद्या आणणार आहे.

मी म्हटलं, बरं झालं, आळस गेला. लीलेने भाजीत दोनदा मीठ घातलं.

९ मे

दुपारी मी पडवीत रातांबे फोडत होते. भास्करने आपल्याच घराला शिडी लावली. एक पाय पहिल्या पायरीवर, मग दुसऱ्या. आणि तिथेच राहिला. फणस खोडाला धरतो तसा शिडीला धरून. मी ओरडणार होते की अरे, तू वर पोचेपर्यंत आंबे पिकतील. तोंड उघडलंसुद्धा.

मग त्याचे हात दिसले. बोटांची हाडं पांढरी झाली होती. सदरा मानेपासून कमरेपर्यंत भिजलेला, आणि तो तर सावलीत होता. मान वर नाही, मान खाली नाही. समोरची भिंत बघत होता.

मी म्हटलं, "भास्कर, चहा निवतोय. खाली ये."

चुलीवर आधणसुद्धा नव्हतं. तो एकेक पाय चाचपत उतरला. मग मला खरंच चहा ठेवावा लागला. घटाघट प्यायला. ऊन लागलं असणार. टोपी घाल म्हणून मी केव्हाची सांगतेय, पण आईचं कोण ऐकतो.

संध्याकाळी विठूला फोन करणार आहे म्हणाला.

लीला, एवढ्यावर थांबू.

१० मे

आज एक गंमत. घळीच्या दुसऱ्या काठीच्या टोकाला लीलेचा गोल आरसा बांधलेला. कपाटातला, लग्नात आलेला, मागे मोर असलेला. तिरका बांधलाय, म्हणजे काठी वर धरली की पन्हळीच्या पोटातलं सगळं खाली दिसतं. कुठे पाचोळा, कुठे माती, कुठे कावळ्याचं बिऱ्हाड. आधी वर चढून बघायची गरजच नाही. अस्लमला विचारलं तर म्हणतो माझं डोकं नाही, वहिनींना विचारा. वहिनी म्हणते, जुना झाला होता आरसा, पडून होता.

तिचं बरोबर आहे. लेक नर्स होण्याएवढी झाली, आता हिला आरसा कशाला.

भास्कर आरशात बघत घराभोवती फिरत राहिला. पुढून फिरला, मागून फिरला. वर बघत होता आणि तोंडाने हळू शीळ घालत होता. विठूला फोन करायचा राहिला.

११ मे

शिडी सापडली. लाकडाच्या खोपीत, माडाच्या सुक्या चुडतांच्या मागे, वर गोणपाट घालून, आणि लीलेच्या परकराच्या नाडीने करकचून बांधलेली. म्हणजे सखूने लाजून परत आणून ठेवली, आणि जाताना नाडीही आपलीच वापरली. चोराची हिंमत बघ. लीला म्हणाली, जाऊ दे ना आई, मिळाली ना. ही माझी सून फार भोळी आहे.

१४ मे

नवा ड्रम आला. कोकमाचं आगळ करणाऱ्या एका बाईकडचा. आतून लालसर आहे आणि मोटर तापली की खळ्यात सोलकढी केल्याचा वास सुटतो. मांजरं आली, हुंगून गेली, नाराज झाली. वारा बाहेर टाकणाऱ्या तोंडाला वाकडा पाईप लावला, आता सोंड्या आभाळाकडे फुंकतो.

आणि मी नियम घातलेत. काम झालं की फडकं साध्या पाण्याने धुवायचं, पेज लांब ठेवायची. ड्रम रिकामा करून पालथा घालायचा. चेंडू पुसायचा. ट्यूबला खोबरेल नाही लावायचं, रबर सुजतं, हे अस्लमने शिकवलं, कारण मी लावलं होतं. कार्बन झिजलेत का ते आवाजावरून कळतं. मोटर खोकायला लागली की बघायचे. अस्लम म्हणतो मावशीचा कान कुवेतच्या फोरमनपेक्षा बरा. मी म्हटलं, तू काही मागायला आलास की असंच गोड बोलतोस, काय हवंय? फणसाची भाजी हवी होती.

१९ मे

काल वळवाची जोरदार सर आली. आणि आज सकाळी दारात कोण, तर मास्तरीणबाई. छत्री मिटली, उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. अर्धी राहिलेली त्यांची पन्हळ तुंबली आणि सगळं पाणी माजघराच्या भिंतीत उतरलं. शाकारणीचे दिवस, एकही माणूस मोकळा नाही. त्यात पोफळीहून लेक आणि जावई आलेत. जावई तिथे वीजघरात नोकरीला.

इकडचं तिकडचं बोलल्या, तुझी चौकशी केली, भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. शेवटी म्हणाल्या, ते तुमचं यंत्र. मी म्हटलं, आहे हो, आता सोवळ्यात असतं. त्यांना हसू आलं, पण पदराआड.

भास्कर म्हणाला उद्या येतो. विठूच्या फोनबद्दल कुणी काही बोलत नाही. पण हे काम बिघडलं तर वरची आळी कायमची गेली, आणि मग विरार, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लीला तुळशीला दोनदा पाणी घालून आली.

२० मे

आज मी अजून हसते आहे आणि मध्येच डोळे पुसते आहे, त्यामुळे लीलेला वाक्यं तुटक मिळतील.

ओला पाचोळा म्हणजे नुसतं काळं लोणचं. भास्करने आरसा वर धरला, बघितलं, मग सोंडेचं टोक बरोबर तिथेच टेकवलं. गुळुक गुळुक आवाज. ड्रमात पाणी चढलं, चेंडूने बुच मारलं, मोटरीचा आवाज चढला, अस्लमने बटण बंद केलं, ड्रम केळीत ओतला, परत सुरू. असं किती वेळा ते मोजलं नाही. अंगणभर सोलकढीचा वास. मास्तर म्हणाले, हाही छान आहे. मास्तरीणबाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

जावई मोठा चौकस. ड्रमभोवती फिरला, पाईप ठोकून बघितले. सगळं झाल्यावर माळ्याच्या खिडकीतून पन्हळीत घागरभर पाणी ओतलं आणि ते दुसऱ्या टोकाने खळखळून खाली आलं, तेव्हा टाळी वाजवली. मग म्हणाला, यंत्र चांगलं आहे, पण एकदा वर चढून डोळ्यांनी खात्री नको का करायला? शिडी तर ही इथे उभी आहे.

अस्लम पटकन पुढे झाला, मी जातो म्हणाला. भास्करने त्याच्या दंडाला हात लावून थांबवलं.

"साहेब, मी शिडी चढत नाही," तो म्हणाला. "गेल्या वर्षी पडलो. तेव्हापासून भीती वाटते. दुसऱ्या पायरीवर पाय लटपटतात. म्हणून तर हे केलं."

सरळ बोलला, नाव-गाव सांगावं तसा. मी खुर्चीत. इतके महिने मी आळस आळस म्हणत होते तो हा. मला वाटलं आता जावई हसेल, आणि हसला तर त्याला सोंड्याकडून गिळवायचा असं मी मनात ठरवलंसुद्धा.

मास्तरीणबाई म्हणाल्या, "मला बाई पालीची वाटते. म्हणून कुणी मला वर चढ म्हणत नाही."

आधी मास्तर हसले, मग अस्लम, मग जावई, आणि शेवटी भास्कर. गेल्या मे महिन्यानंतर मी त्याला असं पोट धरून हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता तो सोंड्यावर टेकला आणि ड्रमचं झाकण सटकलं.

मास्तरीणबाईंनी सगळ्यांना आतल्या खोलीत बसवून जेवायला वाढलं. अस्लमलाही त्याच पंगतीत, माझ्या शेजारी. मग जावयाने आरसा हातात घेतला आणि घराला प्रदक्षिणा घालून आला. म्हणाला, आमच्या कॉलनीत झाडंच झाडं, दर पावसाळ्यात हीच रड.

घरी आल्यावर मी लीलेला विचारलं, तुला ठाऊक होतं गो, भीतीचं? तिने नुसती वही पुढे ओढली. हे वाक्य मात्र सावकाश, अक्षर घोटून लिहिते आहे.

२१ मे

आपल्या घरात आता शिडीचं काम उरलं नाही. भास्करला विचारून ती सखूला देऊन टाकली. तिला एवढी आवडली होती तर घे बाई, उगाच लपवाछपवी कशाला. सखू शिडी धरून कुंपणाशी किती तरी वेळ उभी होती. लीला स्वयंपाकघरात शिरून एकटीच हसत होती, काय झालं ते सांगेना.

२४ मे

वरच्या आळीतून रोज बोलावणं येतंय. काल एका घरी सोंड्याने गृहस्थाचा वाळत घातलेला पंचा गिळला, तो नळीत अर्ध्यावर अडकला, आणि एका बाजूने अस्लम, दुसऱ्या बाजूने तो गृहस्थ, असा रस्सीखेचीचा सामना झाला. गृहस्थ जिंकला, पण पंचा दीडपट लांब झाला. खूश आहे, म्हणतो आता दोनदा गुंडाळता येतो.

भास्करने विठूला फोन केला. वॉचमनची जागा दुसऱ्याला दे म्हणाला, आणि तुझ्या सोसायटीच्या पन्हळी तुंबल्या तर कळव. फोन ठेवल्यावर बल्ब बदलायला स्टूल ओढलंन. मी म्हटलं, राहू दे, लीलेचा हात बसलाय त्याच्यावर. तो बरं म्हणाला आणि खाली उभा राहून तिला बल्ब हातात दिला.

आता कामाचं ऐक. या रविवारी सोंड्या पोफळीला निघालाय. मास्तरांच्या जावयाने बोलावलंय, त्याच्या शेजारच्यांनाही पन्हळी साफ करून हव्या आहेत. टेम्पोत भास्कर आणि अस्लम, मुक्काम जावयाच्या घरी. मी जाणार नाही, घाटाजवळचं पाणी मला बाधतं. वही भरत आलीय, ती उद्याच्या कराड गाडीने पाठवते, म्हणजे तुला वेळेत कळेल.

कराडहून पोफळी म्हणजे एक कुंभार्ली घाट उतरायचा. कॉलेजला सुट्टी असली तर स्वतः ये, बापाला काम करताना बघ. नसली तर चिपळूणच्या गाडीने डबा पाठव. ज्वारीच्या भाकऱ्या सांग तुमच्या खाणावळीच्या बाईला, पातळ, कडा भाजलेल्या. शेंगदाण्याची चटणी, लसूण घालून. भरलं वांगं दे, पण रस्सा नको, घाटातल्या वळणांवर सांडतो. दही तर मुळीच नको. ठेचा वेगळ्या पुडीत बांध, तो अस्लमसाठी, कुवेतला राहून फिकं खायची खोड लागलीय ती मोडायला हवी. वरून गुळाचा खडा, कराडचाच. आणि भाकऱ्या नेहमीपेक्षा जास्त घाल. जमिनीवर उभं राहून काम केलं की भूक मोठी लागते, असं तुझा बाबाच सांगतो.